शेजारच्या वाडीत काय उठणार आहे?

श्रीवर्धनला घर घ्यायला आलेला माणूस घरच पाहतो. जांभ्याच्या भिंती, पुढे पडवी, मागे माड-पोफळींची वाडी आणि वाडीत विहीर. एवढे जागच्या जागी दिसले की मन होकार देऊन मोकळे होते. गडग्यापलीकडे मात्र एक रंगीत फलक लागलेला असतो, ‘भव्य गृहप्रकल्प, लवकरच’. दलाल म्हणतो, इमारत झाली की आपल्या घराचा भाव दुप्पट. बायको विचारते, इमारत झाल्यावर विहिरीचे काय?

प्रश्न बायकोचा बरोबर आहे. असे घर घ्यावे की नाही, हे ठरवायला वकील किंवा इंजिनिअर असावे लागत नाही. क्रमाने काही गोष्टी पाहाव्या लागतात. शेजारच्या जमिनीचे कागद आपल्या घराच्या कागदांइतकेच बारकाईने वाचावे लागतात. बहुतेकांचे चुकते ते इथेच. आपल्या घराचा शोध अहवाल ते काढतात आणि शेजाऱ्याबद्दल दलालाच्या शब्दावर विसंबतात.

पहिले काम म्हणजे शेजारच्या जागेचा नंबर मिळवणे. नगरपरिषदेच्या हद्दीत सिटी सर्व्हे नंबर असतो आणि त्याचा उतारा म्हणजे मिळकत पत्रिका. हद्दीबाहेर, म्हणजे दिवेआगर, आरावी, शेखाडीसारख्या गावांत, गट किंवा सर्व्हे नंबर आणि सातबारा. दोन्ही उतारे ऑनलाइन निघतात. नंबर हातात नसेल तर पुढचे एकही कार्यालय आपल्याला उत्तर देऊ शकत नाही, म्हणून हे आधी.

आता फलकाकडे वळू. फलक म्हणजे परवानगी नव्हे. प्रकल्प कोणत्या पायरीवर आहे, ते ओळखायला शिका. काही वेळा जमिनीचा नुसता साठेकरार झालेला असतो. काही वेळा नकाशे मंजुरीला गेलेले असतात. बांधकाम सुरू करायची कायदेशीर मुभा म्हणजे प्रारंभ प्रमाणपत्र. ते एक वर्ष चालते आणि वर्षावर्षाने आणखी तीन वर्षांपर्यंत वाढवून मिळते. प्रमाणपत्र निघाले आणि जोत्यापर्यंतही काम झाले नाही, तर समजा की पैसा अडला आहे किंवा वाद आहे. अशा अर्धवट जागेशेजारी राहणे पूर्ण झालेल्या इमारतीशेजारी राहण्यापेक्षा अवघड असते. खणलेल्या खड्ड्यात पावसाळाभर पाणी साचते, डास होतात आणि दाद मागायला समोर कोणी नसते.

मग महारेरा. हे राज्याचे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, १ मे २०१७ पासून काम करते. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि सदनिका आठपेक्षा जास्त असतील तर नोंदणीशिवाय जाहिरातही करता येत नाही. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही छापावा लागतो. तो मोबाईलने वाचा आणि संकेतस्थळावर मंजूर नकाशा, मजले, पूर्णत्वाची तारीख, जमिनीवरचा बोजा, चालू असलेले दावे, सगळे पाहा. आपण त्या प्रकल्पात घर घेत नसलात तरी ही माहिती आपल्याला खुली आहे. फुकट मिळणारी इतकी उपयोगी माहिती दुसरीकडे कुठे नाही.

इथे दोन ठिकाणी माणसे फसतात. प्रकल्प टप्प्याटप्प्याने नोंदवता येतो. आज नोंदलेला टप्पा एका इमारतीचा असेल आणि पुढची तीन इमारतींची जागा आपल्या गडग्याला लागून असेल. म्हणून टप्प्याचा नकाशा न पाहता संपूर्ण जागेचा अभिन्यास, म्हणजे इमारती, रस्ते आणि मोकळ्या जागा दाखवणारा आराखडा, पाहा. दुसरे म्हणजे, श्रीवर्धनसारख्या गावात पुष्कळ बांधकामे आठ सदनिकांच्या आतली असतात. ती महारेरात दिसतच नाहीत, पण आपल्या विहिरीवर आणि वाटेवर त्यांचाही भार पडतोच. तिथे नगरपरिषदेत जाऊनच विचारावे लागते.

आणखी एक समजून ठेवा. महारेराचा कायदा मुख्यतः सदनिका घेणाऱ्याच्या रक्षणासाठी आहे. मंजूर नकाशात मोठा बदल करायचा तर विकासकाला दोन तृतीयांश सदनिकाधारकांची संमती लागते. त्यात शेजाऱ्याला कोणी विचारत नाही. आपली तक्रार बहुतेक वेळा नगरपरिषदेकडे किंवा दिवाणी न्यायालयात जाते.

पुढचा प्रश्न असा की त्या जमिनीवर बांधायला मुळात परवानगी मिळू शकते का? गावाच्या हद्दीत याचे उत्तर विकास आराखडा देतो. नगरपरिषदेत अर्ज करून शेजारच्या नंबराचा झोन दाखला मागा. त्या जागेवर रहिवासी वापर आहे, हरित पट्टा आहे की आरक्षण, ते त्यात कळते. हद्दीबाहेर प्रादेशिक योजना लागू होते आणि त्यासाठी नगररचना विभागाचे जिल्हा कार्यालय अलिबागला आहे. २०२४ मध्ये कोकण किनाऱ्यावरच्या अनेक गावांसाठी विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्याची अधिसूचनाही निघाली. त्यामुळे आपल्या गावाला आज परवानगी कोण देते, हे श्रीवर्धनच्या प्रांत कार्यालयात आधी विचारून घ्या. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला दाखवून ‘परवानगी आहे’ म्हणणारे पुष्कळ भेटतील. तो दाखला म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे.

‘शेजारी बागेचे आरक्षण आहे, तिथे इमारत कधीच होणार नाही’ हे वाक्य ऐकले तर थांबा. आरक्षण कायमचे नसते. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याच्या कलम १२७ नुसार, दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण रद्द होते. आज बाग म्हणून दाखवलेली जागा पाच वर्षांनी इमारतीची होऊ शकते. आराखडा कोणत्या वर्षी मंजूर झाला, ते विचारा आणि वर्षे मोजा.

सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ किंवा कूळकायद्याच्या कलम ४३ चा शेरा दिसला तर ती जमीन सहसा सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही. जमीन शेतीचीच असेल तर बिगरशेतकऱ्याला ती सहसा घेताच येत नाही. अशा जमिनीवर तुकडे पाडून ‘बिनशेती लवकरच’ म्हणून विकणे चालू असेल, तर तिथे ना रस्ता होईल ना गटार. तिथले सांडपाणी आपल्याकडे येईल.

समुद्रकाठच्या गावात यावर आणखी एक कायदा बसतो. त्याला सगळे सीआरझेड म्हणतात, म्हणजे किनारा नियमन क्षेत्र. सध्याची अधिसूचना १८ जानेवारी २०१९ ची आहे. भरतीरेषेपासून जमिनीकडे ५०० मीटरपर्यंत, आणि खाडीकाठी खाडीच्या रुंदीप्रमाणे ५० मीटरपर्यंत, ती लागू होते. गावाच्या दाट वस्तीत साधारण नियम असा, की आधीपासूनच्या रस्त्याच्या किंवा अधिकृत बांधकामाच्या जमिनीकडच्या बाजूलाच नवे बांधकाम होऊ शकते. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून ना-विकास पट्टा असतो. दाट लोकसंख्येच्या भागात तो ५० मीटर आणि बाकी ठिकाणी २०० मीटर.

याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावून पाहा. शेजारची वाडी रस्त्याच्या समुद्राकडे असेल तर तिथला गृहप्रकल्प कागदावरच राहण्याची शक्यता मोठी. पण आपले घर त्याच पट्ट्यात असेल तर जुने घर पाडून मोठे बांधता येईल, ही आशा धरू नका. ना-विकास पट्ट्यात अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी होते ती आहे त्याच जोत्याएवढी. भरतीरेषेचे अधिकृत नकाशे महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे असतात. पुळणीवर उभे राहून पावले मोजून हे ठरत नाही.

आता कागद बाजूला ठेवा आणि विहिरीवर चला. मला विचाराल तर निम्मा निकाल इथे लागतो.

श्रीवर्धनच्या किनाऱ्यालगतच्या वाळूत गोडे पाणी खाली कुठे तळ्यासारखे साठलेले नसते. पावसाचे गोडे पाणी वाळूत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, कारण ते वजनाला हलके. त्याचा ढोबळ हिशेब असा, की समुद्रसपाटीच्या वर १ फूट गोडे पाणी उभे असेल तर खाली साधारण ४० फुटांपर्यंत गोडे पाणी टिकते. ऐकायला हे छान वाटते, पण हिशेब उलटाही चालतो. उपसा वाढून वरची पातळी १ फुटाने खाली गेली की खालचे खारे पाणी कालांतराने ४० फूट वर सरकू शकते. रहाटाने किंवा लहान पंपाने शिपणे करणाऱ्या वाडीला हा समतोल पिढ्यान् पिढ्या सांभाळता आला. शेजारी तीस सदनिका आणि दोन बोअरवेल आल्या की तो सांभाळता येत नाही. खारे पाणी कोणाच्या बोअरमुळे आले हे नंतर सिद्धही करता येत नाही, आणि एकदा मचूळ झालेली विहीर सुधारायला कित्येक पावसाळे जातात.

म्हणून घर पाहायला मे महिन्यात या. दुपारी नको, सकाळी वाडीला पाणी सोडून झाल्यावर या, म्हणजे विहीर उपसलेली असेल. कळशी काढून एक घोट प्या. घरातल्या बाईला विचारा, या पाण्यात डाळ शिजते का? चहा फाटतो का? प्रयोगशाळेपेक्षा आधी हे उत्तर मिळते आणि ते बहुधा खरे असते. मग एक बाटली भरून शासकीय प्रयोगशाळेत द्या. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरी सोय नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. क्लोराइड, म्हणजे मिठाचा अंश, २५० पर्यंत असावा. मे महिन्यातच आकडा वरच्या मर्यादेकडे झुकलेला असेल आणि शेजारी प्रकल्प येणार असेल, तर ते घर सोडा.

नगरपरिषदेत एक प्रश्न नक्की विचारा. नव्या प्रकल्पाला नळजोडणी मंजूर झाली आहे का, की पाण्याची सोय म्हणून अर्जात बोअरवेल लिहिली आहे? हे तोंडी सांगत नसतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचे शुल्क आहे आणि उत्तराला ३० दिवसांची मुदत. सौदा महिनाभर थांबला तरी चालतो.

विहिरीशी जोडलेलीच गोष्ट म्हणजे शौचालयांच्या टाक्या. बांधकाम नियमावलीप्रमाणे शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान १२ मीटर दूर असावा लागतो. शेजाऱ्याच्या नकाशात त्याचा शोषखड्डा कुठे दाखवला आहे ते पाहा आणि आपल्या विहिरीपासून टेप धरा. नकाशात शेजाऱ्याची विहीर दाखवलेली नसते, त्यामुळे मंजुरी देणाऱ्याच्याही ते लक्षात येत नाही. वाळूत पाणी भराभर पाझरते, म्हणून १२ मीटरला मी पुरेसे म्हणणार नाही.

पावसाचे पाणीही असेच पाहावे लागते. कोकण किनाऱ्यावर वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुन्या वाड्यांत ते पाणी पऱ्यातून, पाटातून वाट काढत खाडीला किंवा समुद्राला मिळते. प्रकल्प आला की सखल वाडीत भराव पडतो. आमच्या नात्यातल्या एका कुटुंबाने गडग्याला गडगा लागून असलेले घर घेतले तेव्हा दोन्ही जमिनी एका पातळीत होत्या. पुढच्या वर्षी शेजारची जमीन अडीच फुटांनी उंच झाली, पऱ्या त्याखाली गेला आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पडवीत घोटाभर पाणी उभे राहिले. भाताची कणगी भिजली, भिंतीला खालून ओल चढली. इमारतीला परवानगी होती, भरावाची पातळी मात्र कोणी तपासली नव्हती. म्हणून मंजूर नकाशातली जोत्याची पातळी आणि पावसाच्या पाण्याचा निचरा आपल्या अंगणाच्या पातळीशी ताडून पाहा. वाटेत पऱ्या असेल तर त्याचे फोटो तारखेसह काढून ठेवा.

आता हद्द आणि वाट. गडगा म्हणजे हद्द, असे आपण धरून चालतो. कोकणात गडगे पिढ्यान् पिढ्या थोडे इकडे, थोडे तिकडे सरकलेले असतात. शेजारी भावकी होती तोवर चालून गेले. विकासक मात्र एक एक फूट मोजतो. भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयात मोजणीचा अर्ज विक्रेत्याला करायला लावा आणि मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा. हाती येणाऱ्या नकाशाला ‘क प्रत’ म्हणतात. त्यात अभिलेखातली हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट वेगवेगळी दाखवलेली असते. दोन रेषांमध्ये अंतर दिसले तर ते खरेदीखतापूर्वी मिटवा, कारण पलीकडे पाया खणला गेल्यावर ते मिटत नाही.

पाखाडीबद्दलही, म्हणजे घरापुढच्या गल्लीबद्दलही, विचारा. इमारत किती उंच होणार हे बऱ्याच अंशी पुढच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते. त्यामुळे अरुंद पाखाडीवर मोठा प्रकल्प योजला असेल तर पाखाडी रुंद करण्याचा प्रयत्न होणारच, आणि ती रुंदी कोणाच्या तरी अंगणातून निघते. विकास आराखड्यात आपल्या घरापुढे रस्तारुंदीची रेषा आहे का, आणि ती पडवीतून जाते का, हे झोन दाखल्यासोबतच्या नकाशात दिसते.

घराची वाट शेजारच्या वाडीतून जात असेल तर जास्तच जपा. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार वीस वर्षे उघडपणे आणि अखंड वापरलेली वाट, तसेच प्रकाश-हवा, यांवर हक्क सांगता येतो. पण तो न्यायालयात सिद्ध करावा लागतो आणि त्यात वर्षे जातात. त्यापेक्षा वाटेचा हक्क रुंदीसह खरेदीखतात लिहून घ्या. शेजारच्या मालकाची त्यावर संमतीची सही मिळाली तर उत्तमच.

बांधकामाच्या दोन-तीन वर्षांचा त्रास सगळ्यांना माहीत आहे, त्यावर फार लिहीत नाही. एवढेच करा, काम सुरू होण्याआधी आपल्या प्रत्येक भिंतीचे तारखेसह फोटो घ्या. चुन्यात किंवा मातीत बांधलेला जांभा हादऱ्याने उकलतो, आणि भेग आधीची की नंतरची यावरच सगळे भांडण होते.

राहिला भाव. ‘दिघीला स्मार्ट सिटी येतेय’, ‘रेवस-रेड्डी सागरी महामार्ग होतोय’, हे आपल्याला ऐकवले जाईल. दोन्ही योजना खऱ्या आहेत. दिघी बंदर औद्योगिक क्षेत्राला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. पण नावात दिघी असले तरी त्याची सुमारे ६,००० एकर जमीन माणगाव, तळा, रोहा या तालुक्यांत आहे, श्रीवर्धनमध्ये नाही. बागमांडल्याहून वेश्वीला आणि दिघीहून आगरदांड्याला आपण कित्येक वर्षे फेरीबोटीने जात आलो आहोत. महामार्गासाठी तिथे पूल झाल्यावर भाव वाढेल तेव्हा वाढेल. आज मात्र त्या आशेचा एक रुपयाही किमतीत धरू नका.

खरा भाव कळायचा तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर त्याच पेठेतल्या अलीकडच्या व्यवहारांचे सूची क्रमांक दोन काढा. त्यात प्रत्यक्ष नोंदलेली रक्कम असते. शेजारच्या प्रकल्पाने आपल्याला काही मिळणार असेल तर ते गटार, पथदिवे आणि बारमाही शेजार. तोही विचारून पाहा, कारण अशा संकुलांत पुष्कळ घरे सुट्टीपुरती घेतलेली असतात. शनिवार-रविवारी सगळ्यांची गाडी आपल्या पाखाडीत आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत सगळ्या खिडक्या बंद.

आपल्या घराच्या कागदांत श्रीवर्धनला हमखास अडणारी गोष्ट म्हणजे वारस. मिळकत पत्रिकेवर आजोबांचे नाव, आणि नातवंडे मुंबई, पुणे, बडोद्याला. गावात राहणारा एक भाऊ विकायला तयार असतो, बाकीच्यांना पत्ताही नसतो. तीस वर्षांचा शोध अहवाल, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि प्रत्येक वारसाची सही, यांतले काहीही वगळू नका. विसार देताना साठेकरारात एक अट घाला, की मोजणीत हद्द कमी भरली, रस्तारुंदीत घर आले किंवा वाटेचा हक्क सिद्ध झाला नाही, तर विसार पूर्ण परत. विक्रेता या अटीला नाही म्हणाला तर का नाही म्हणाला याचा विचार करा.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर चढले आणि काही तासांत श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लावली की सुपारी हाती यायला पाच-सात वर्षे जातात. ज्याला तेवढे थांबता येत नाही तो वाडीचा तुकडा विकतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. म्हणून शेजारी प्रकल्प येतोय एवढ्यावरून घर नाकारण्याचे कारण नाही. पाणी उन्हाळ्यात गोडे असेल, पलीकडच्या इमारतीला नळाचे पाणी मंजूर असेल, शोषखड्डा दूर असेल आणि वाट कागदावर असेल, तर घर खुशाल घ्या. यांतले पाणी किंवा वाट संशयात असेल तर किंमत कितीही उतरली तरी घेऊ नका.

आणि विसार देण्यापूर्वी त्या घरी दोनदा जाऊन या, एकदा मे महिन्यात विहिरीसाठी आणि एकदा जुलैत, सलग दोन दिवस पाऊस झाल्यावर, पडवीसाठी.